मूळ डिस्कला धक्का न लावता

एसटीची लालपरी गेली काही वर्षे जावा बेटावर धावते आहे. महामंडळाच्या कुठल्याही वेळापत्रकात हा मार्ग सापडणार नाही. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा मोबाइलवरचा खेळ मालेओ या तिथल्या कंपनीने २०१७ मध्ये आणला आणि त्यात एक सोय ठेवली. खेळणाऱ्याने स्वतः बनवलेली किंवा दुसऱ्या कुणी बनवून दिलेली गाडी खेळात घेता यायची. मराठी पोरांनी ही फट हेरली आणि लाल रंगाचा डबा हाती घेतला. साधी लालपरी आली, हिरकणी आली, शिवशाही आली. नंबरप्लेटही मनाला येईल ती नाही. दापोडीच्या कार्यशाळेत बांधलेली गाडी एमएच १४, चिकलठाण्याची एमएच २०, नागपूरजवळच्या हिंगण्याची एमएच ४०, हा हिशेब एसटीप्रेमींना तोंडपाठ असतो आणि चुकीची पाटी लावणाऱ्याचा कान लगेच धरला जातो.

इंडोनेशियात वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे लालपरीला तिथे रुळायला काही त्रास झाला नाही. हॉर्नच्या बाबतीत तर दोन्ही मुलुखांचे गोत्रच जुळते. २०१६ च्या डिसेंबरात तिथल्या पोरांची ‘ओम तेलोलेट ओम’ ही रस्त्याकडेला उभे राहून बसवाल्यांना केलेली हॉर्नची विनवणी जगभर गाजली होती. खेळातही तो सुरेल हॉर्न आहे. निफाडच्या बसस्थानकात येवल्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एखाद्या कॉलेजकुमाराच्या मोबाइलवर लालपरी नारळाच्या झाडांमधून चाललेली दिसली, तर ती कुणी तरी फुकटात, हौसेने बनवलेली मॉड, म्हणजे मूळ खेळात चाहत्याने घातलेली भर असते. अशा मॉडसाठी गाडीची एक फाइल ठरलेल्या फोल्डरात टाकायची, खेळ उघडून ती निवडायची, की काम झाले. दार कंपनीनेच उघडे ठेवलेले आहे.

या पुस्तिकेचा विषय त्याच्या शेजारचा, पण बराच अवघड. कन्सोलवरच्या रेसिंग गेममध्ये चाहत्यांनी केलेली मॉड कशी बसवायची, हा तो विषय. तिथे कंपनीने दार उघडे ठेवलेले नसते. उलट दाराला कुलूप, कुलपाला सील आणि सील तुटले की वॉरंटी रद्द, असा सगळा बंदोबस्त असतो. तरीही गेली कित्येक वर्षे जगभरची हौशी माणसे या दारातून ये-जा करत आहेत, आणि त्यातल्या चांगल्या मंडळींनी आतली एकही वस्तू हलवलेली नाही. ती वस्तू न हलवण्याची हिकमत हाच या पुस्तिकेचा खरा गाभा आहे. बाकी फाइली उतरवणे आणि बटणे दाबणे कुणालाही जमते.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत कन्सोल आधी आला तो ‘टीव्ही गेम’ या नावाने. नव्वदच्या दशकात बाजारात मिळणारी यंत्रे बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यात खोचायच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. एकाच कॅसेटवर हजारो खेळ असल्याचा दावा छापलेला असे आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून येत. त्यात गाड्यांचा खेळ म्हणजे कोनामीचा ‘रोड फायटर’. वरून पाहिलेला रस्ता, पेट्रोल संपत चाललेले, मध्येच अंगावर येणारा ट्रक. सांभाळून चालवत राहिले तर अंगरखा उडवत एक माणूस आकाशातून जायचा. तो कोण, हे तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नव्हते. कंपनीने स्वतःच्याच नावाने निर्माण केलेला तो ‘कोनामी मॅन’.

दुसरा खेळ होता निन्टेन्डोचा १९८४ चा ‘एक्साइटबाइक’, आणि मॉडच्या गोष्टीत त्याचे महत्त्व जास्त. त्यात ‘डिझाइन’ नावाचा पर्याय होता. उंचवटे, उतार, चिखल हे सगळे आपल्या हाताने मांडायचे आणि त्याच रस्त्यावर मोटारसायकल पळवायची. त्यात ‘सेव्ह’ आणि ‘लोड’ हे पर्यायही दिसत, पण ते दाबून काहीच होत नसे. कारण ते चालण्यासाठी लागणारा ध्वनिफितीचा रेकॉर्डर निन्टेन्डोने फक्त जपानात विकला होता. यंत्र बंद केले की रस्ता पुसला जाई. ज्या पिढीने टीव्हीपुढे मांडी घालून बांधलेला रस्ता वीज गेल्यावर असा गमावला, तिला चाहत्यांनी बनवलेल्या ट्रॅकची ओढ का लागते हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग प्लेस्टेशन आले. २००० मध्ये जपानात निघालेला प्लेस्टेशन टू भारतात पुढची दहा-बारा वर्षे घराघरांत पोचत राहिला. सोनीने त्यासाठी खास भारतीय खेळही काढले. २००९ मध्ये हनुमानावरचा एक खेळ आला, त्याच वर्षी कबड्डी आणि पतंगबाजी असलेला ‘देसी अड्डा’ आला. रेसिंगच्या बाजूला मात्र इथल्या रस्त्यांना कुणी विचारले नाही. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट २०११ मध्ये फॉर्म्युला वनच्या अधिकृत खेळात दिसला तो तिथे खरी शर्यत होती म्हणून. २०१३ नंतर शर्यत थांबली आणि पुढच्या वर्षीच्या खेळातून ट्रॅकही गेला. आज बुद्धवर गाडी चालवायची तर संगणकावरच्या ‘असेटो कोर्सा’त हौशी मंडळींनी घातलेल्या ट्रॅकवर चालवता येते.

याच काळात एक गैरसमज मूळ धरून बसला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा हाजी अलीच्या हिरापन्नात जाऊन कन्सोलला ‘चिप मारून’ आणायची, म्हणजे कॉपी केलेल्या डिस्क चालतात, हे सगळ्यांना माहीत होते. त्यामुळे कन्सोल उघडणे म्हणजे चोरीचा माल चालवणे हे समीकरण डोक्यात पक्के बसले. अजूनही एखाद्या मुलाने ‘मॉड टाकतोय’ म्हटले की घरातले मोठे भुवया उंचावतात. त्यांची शंका अगदीच निराधार नाही. ज्या वाटेने हौशी ट्रॅक आत जातो त्याच वाटेने चोरलेला खेळही जाऊ शकतो. या पुस्तिकेत चोरलेल्या खेळांबद्दल एक अक्षरही नाही, आणि ते भीतीपोटी नव्हे. मॉडची सगळी गंमत मूळ खेळ विकत घेतलेला असण्यावरच उभी आहे.

निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे एका वाक्यात कळेल. बाग लावताना आधी डॉगरिजचा खुंट लावतात, तो धरला की त्यावर थॉमसन किंवा सोनाकाचे कलम करतात. खारवट जमीन आणि पाण्याचा ताण सोसायचे काम खुंटाचे, घड मात्र वरच्या जातीचा. मॉडचे तसेच आहे. गाडी कशी वळते, टायर कधी घसरतो, टक्कर झाली की काय होते, हे सगळे मूळ खेळाचे. वर दिसणारा रस्ता, झाडे, पाट्या हौशी माणसाच्या. खुंट उपटून कलम जगत नाही, तशी मूळ डिस्क नसलेल्या माणसाच्या हातात मॉड म्हणजे निरुपयोगी फाइलींचा ढिगारा.

उदाहरणादाखल पुस्तिकेने एकच खेळ निवडला आहे, निन्टेन्डोच्या वी कन्सोलवरचा ‘मारिओ कार्ट वी’. निवड बरोबर आहे. हा खेळ २००८ च्या एप्रिलमध्ये आला, त्याच्या पावणेचार कोटींच्या आसपास प्रती खपल्या आणि कन्सोलवरच्या रेसिंग खेळांत इतकी जुनी, इतकी शिस्तबद्ध मॉड-परंपरा क्वचितच दुसऱ्या कुणाची असेल. मूळ खेळात ३२ ट्रॅक. ‘सीटीजीपी रिव्होल्यूशन’ या चाहत्यांच्या मॉडमध्ये ते दोनशेच्या वर गेले. ही मॉड बनवणारी मंडळी आपल्याला चॅडर्झ आणि मिस्टरबीन अशा टोपणनावांनीच माहीत आहेत, आणि त्यांनी ती फुकटच वाटली.

वी कन्सोलच्या दाराचे कुलूप कसे उघडले, ती हकिगत मोठी रंजक आहे. २००८ च्या सुरुवातीला ‘ट्वायलाइट हॅक’ नावाची युक्ती निघाली. ‘झेल्डा’ मालिकेतल्या एका साहसी खेळात नायकाला घोडी असते, एपोना. तिचे नाव खेळणाऱ्याला बदलता येते. खेळ ते नाव सेव्ह फाइलमधून वाचतो, पण किती लांब आहे ते तपासत नाही. हौशी तंत्रज्ञांनी भलतेच लांब नाव लिहिलेली सेव्ह फाइल तयार केली. नाव ठरलेल्या जागेत मावेना, ते शेजारच्या स्मृतीत सांडले, आणि सांडलेल्या भागात लिहून ठेवलेल्या आज्ञा यंत्र निमूटपणे पाळू लागले. स्क्रू काढला नाही, चिप लावली नाही. घोडीच्या नावाने कन्सोल उघडला.

निन्टेन्डोने अर्थातच ही फट बुजवली. त्यावर २०११ मध्ये ‘लेटरबॉम्ब’ आले, आणि आज वाचकाला वापरायचे आहे ते हेच. वी कन्सोलवर एक संदेशफलक आहे, पोस्टाच्या पेटीसारखा. आपल्या यंत्राच्या मॅक पत्त्याप्रमाणे बनवलेले एक पत्र एसडी कार्डावर ठेवायचे, फलक उघडायचा. बॉम्बचे चित्र असलेला लाल लिफाफा दिसतो. तो उघडला की यंत्र पडते आणि पडता पडता हौशी मंडळींचे प्रोग्राम चालवणारा ‘होमब्रू चॅनल’ बसवायची वाट मोकळी करून देते. लिफाफा आजच्या तारखेच्या पानावर दिसला नाही म्हणून बरेच जण निराश होऊन सगळे पहिल्यापासून करत बसतात. फलकाचे आदल्या दिवसाचे पान उलटून पाहावे. बहुधा तिथे असतो.

इथवर कन्सोलचे झाले. खेळाचे काम अजून सुरूच झालेले नाही.

‘मारिओ कार्ट वी’च्या डिस्कवर एक फोल्डर आहे, त्यात प्रत्येक ट्रॅकची एक गाठोडेवजा फाइल. लुईजी सर्किट हा सगळ्यांत सोपा ट्रॅक, तर त्याच्या फाइलचे नाव ‘बिगिनर कोर्स’. गायींच्या कुरणातून जाणारा मू मू मेडोज म्हणजे ‘फार्म कोर्स’. जपानी अभियंत्यांनी कामापुरती ठेवलेली ही साधी नावे आहेत. फाइलचे गाठोडे सोडले की आत मुख्य तीन गोष्टी निघतात. डोळ्यांना दिसणारा देखावा एका फाइलमध्ये. चाकांना लागणारी जमीन दुसरीत. तिसरीत शर्यतीचा कायदा, म्हणजे सुरुवातीची रेघ कुठे, आडवाटेने कुणी पळू नये म्हणून लावलेले नाके कुठे, खड्ड्यात पडलेल्याला परत कुठे उभे करायचे, संगणकाने चालवलेल्या गाड्यांनी कुठली वाट धरायची. देखावा आणि जमीन वेगळ्या फाइलींत असल्यामुळे नवख्याने बनवलेल्या ट्रॅकवर कधी कधी भिंत दिसते पण गाडी तिच्यातून आरपार जाते, किंवा मोकळ्या रस्त्यावर गाडी कशाला तरी धडकून थांबते.

आता मॉड बसवण्याच्या दोन तऱ्हा. पहिलीत मूळ डिस्कची संगणकावर पूर्ण प्रत काढायची, तिच्यात पॅच मिसळायचा आणि नवी प्रत चालवायची. जुन्या कार्ट्रिज खेळांसाठी हीच तऱ्हा रूढ होती. तिथला आयपीएस पॅच उघडून पाहिला तर सुरुवातीला इंग्रजीत ‘पॅच’ ही पाच अक्षरे, शेवटी ‘ईओएफ’ ही तीन, आणि मध्ये फक्त बदलांची यादी असते. कुठल्या जागी कुठले बाइट लिहायचे, एवढेच. मूळ खेळाचा तुकडा त्यात नसतो, म्हणून पॅच उघडपणे वाटता येतो. तऱ्हा चांगली आहे, पण तिच्यात एक पूर्ण प्रत तयार होते, आणि प्रत तयार झाली की ती मित्राला द्यायचा मोह होतो.

दुसरी तऱ्हा ‘रिव्होल्यूशन’ नावाच्या छोट्या प्रोग्रामची, इंग्रजी नावात ‘ई’च्या जागी दोन ‘आय’. २०१० मधली ही कल्पना देखणी आहे. खरी डिस्क यंत्रात घालायची. खेळ सुरू होतो आणि डिस्ककडे फाइली मागू लागतो. रिव्होल्यूशन मध्ये उभा राहून प्रत्येक मागणी पाहतो. मॉडबरोबर आलेल्या यादीत नसलेली फाइल डिस्कवरून जाऊ देतो. ‘बिगिनर कोर्स’ मागितली गेली आणि यादीत ती असली, तर डिस्ककडे न जाता एसडी कार्डावरची त्याच नावाची फाइल पुढे करतो. खेळाला काहीच कळत नाही. कार्ड काढून घेतले की खेळ २००८ मध्ये होता तसाच्या तसा. दोन तऱ्हांपैकी कुठली श्रेष्ठ, या वादात पुस्तिका पडत नाही. प्रस्तावनेला ती अडचण नाही. दुसरीच श्रेष्ठ. सीटीजीपी तिच्याही पुढे गेली आहे, तिचा स्वतःचा चॅनल आहे आणि ती स्वतःच ताजी होते, पण मूळ डिस्क यंत्रात लागते हा नियम तिनेही पाळला आहे.

रिव्होल्यूशनची यादी म्हणजे एक साधी मजकूर फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडणारी. डिस्कवरची ही फाइल, तिच्या जागी कार्डावरची ती, अशी एकेक ओळ. निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. झिप फाइल सोडताना फोल्डरात फोल्डर तयार होतो आणि यादीतला पत्ता चुकतो. किंवा एकट्याने खेळताना नवा ट्रॅक दिसतो आणि भावंडांबरोबर पडदा विभागून खेळायला बसले की जुनाच येतो. ही दुसरी तक्रार पाहून लोक गोंधळतात, पण कारण सोपे आहे. एकापेक्षा जास्त खेळाडूंसाठी हलकी केलेली वेगळी फाइल डिस्कवर असते, नाव तेच आणि शेवटी एक ‘डी’. तीही बदलावी लागते.

डिस्क कुठल्या देशाची, हाही मोठा प्रश्न. ‘मारिओ कार्ट वी’ची ओळख आरएमसी या तीन अक्षरांनी सुरू होते आणि चौथे अक्षर प्रदेश सांगते: युरोपसाठी पी, अमेरिकेसाठी ई, जपानसाठी जे, कोरियासाठी के. आपल्याकडे यंत्रे आणि डिस्क दुबईहून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेतून, अमेरिकेतल्या मावशीकडून, जुन्या बाजारातून, अशा नाना वाटांनी आल्या. त्यामुळे डिस्क युरोपची आणि यंत्र अमेरिकेचे असा आंतरप्रांतीय संसार आढळू शकतो. मॉड उतरवण्याआधी हे चौथे अक्षर पाहून घ्यावे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ पालक विचारतीलच. ‘नवे ट्रॅक मिळतात’ हे उत्तर खरे आहे, पण अपुरे. रेसिंग गेम इतर खेळांपेक्षा लवकर मरतात. त्यांत खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, गाण्यांचे हक्क असतात, आणि करार संपले की खेळ दुकानातून उतरतो. ‘फोर्झा होरायझन ४’ची विक्री २०२४ च्या डिसेंबरात अशीच बंद झाली. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे त्याहून वाईट झाले. २०१४ चा हा खेळ सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालतच नसे, ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केला आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क नुसती चकचकीत चकती उरली. त्या रागातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपातल्या तिच्या निवेदनावर २०२५ च्या जुलैत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. ‘द क्रू’ला त्याच वर्षी पुन्हा जिवंत केले ते मात्र चाहत्यांनीच, स्वतःचा सर्व्हर लिहून, आणि तेही फक्त संगणकावर.

‘मारिओ कार्ट वी’वर ही वेळ आधीच येऊन गेली होती. निन्टेन्डोने २० मे २०१४ ला वीची इंटरनेट सेवा थांबवली. चाहत्यांनी ‘विमफाय’ नावाचा पर्यायी सर्व्हर उभा केला, आणि लोक आजही दुसऱ्या देशातल्या अनोळखी माणसाला केळ्याच्या सालीवर घसरवत आहेत. खेळातल्या चुका दुरुस्त करण्याची गरज तर आणखी जुनी आहे. ‘ग्रॅन टुरिझ्मो २’च्या पहिल्या अमेरिकी डिस्कमध्ये सगळ्या शर्यती जिंकल्या तरी खेळ ९८.२ टक्क्यांवरच अडकायचा. सगळे जिंकूनही पावणेदोन टक्के बाकी दाखवणारा खेळ ज्याने पाहिला असेल, त्याला दुरुस्तीची तहान काय असते ते विचारावे.

कायद्याबद्दल दोन शब्द. अमेरिकेत १९९२ मध्ये गॅलूब विरुद्ध निन्टेन्डो या खटल्यात न्यायालयाने खेळणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. कार्ट्रिज आणि यंत्र यांच्यामध्ये बसून खेळाचे वर्तन तात्पुरते बदलणारे ‘गेम जिनी’ हे साधन नवी कलाकृती तयार करत नाही, असे ठरले. १९९८ मध्ये त्याच न्यायालयाने ‘ड्यूक न्यूकेम’ खेळासाठी खेळाडूंनी बनवलेले टप्पे डिस्कवर भरून विकणाऱ्या कंपनीला मात्र दोषी धरले. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ५२ संगणकीय प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. हेतू हा त्यातला कळीचा शब्द आहे. आपली डिस्क, आपले यंत्र, फुकट वाटलेला ट्रॅक आणि घरची मंडळी, इतकेच वर्तुळ ठेवले तर माणूस त्या कलमाच्या गाभ्यापासून लांब राहतो. ट्रॅक भरलेल्या डिस्क विकायला बसला तर नाही. कंपनीची वॉरंटी आणि ऑनलाइन सेवेच्या अटी ही आणखी वेगळी बाब, पण वीच्या बाबतीत दोन्ही कधीच इतिहासजमा झाल्या आहेत.

पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात स्वतःचा ट्रॅक बनवण्याची तोंडओळख आहे. ती वाचताना निफाडच्या वाचकाच्या मनात पहिला विचार काय येईल, याचा अंदाज करता येतो. नाशिक–छत्रपती संभाजीनगर रस्ता दारातूनच जातो. चांदोरीला गोदावरीचा शेजार, मग निफाड, पुढे विंचूर, आणि येवल्यात शिरताना विंचूर चौफुली. सपाट मुलूख असल्यामुळे घाटाचा थरार नाही, पण लासलगावच्या बाजारसमितीकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर आहेत, आणि मारिओ कार्टला असल्या अडथळ्यांचे वावडे नाही. मूळ खेळात ‘मूनव्ह्यू हायवे’ नावाचा एक ट्रॅक आहे, त्यावर समोरून आणि मागून मोटारी व ट्रक धावत असतात. त्याची गाठोड्यातली फाइल उघडून वाहनांच्या वाटा समजून घेतल्या, वाहनाचा आकार बदलला, की गोण्यांनी लादलेली ट्रॉली तयार. पावसाळी पुरात चांदोरीचा रस्ता बुडतो तसा ट्रॅकचा एखादा भाग पाण्याखाली दाखवायचा असेल तर जमिनीच्या फाइलमध्ये त्या पट्ट्याचा प्रकार बदलावा लागेल, म्हणजे गाडी तिथे आपसूक मंदावेल. द्राक्षबागांचे मंडप काढताना मात्र हात आखडता घ्यावा. प्रत्येक वेल वेगळी काढायला गेले तर २००६ साली जन्मलेले हे यंत्र धापा टाकेल. मंडपाचे एक चित्र करून तेच शेकडो वेळा डकवावे.

ज्या तालुक्यात ओझरला मिग आणि सुखोई विमाने जोडली गेली, तिथल्या वाचकाला नट-बोल्टच्या क्रमाने लिहिलेली पुस्तिका रूक्ष वाटणार नाही अशी आशा आहे. क्रमाचा आग्रह मुद्दाम आहे. आधी यंत्राची आवृत्ती पाहायची, मग कार्ड तयार करायचे, मग होमब्रू चॅनल, मग राखीव प्रत, आणि त्यानंतरच मॉड. राखीव प्रतीची पायरी गाळून थेट मॉडवर उडी मारणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि मदत मागत फिरणाऱ्यांतही तेच जास्त असतात.

काही गोष्टी सुरुवातीलाच जुळवून ठेवाव्यात. वी मिनी हे लाल-काळे छोटे यंत्र असेल तर ही पुस्तिका बाजूला ठेवावी, त्याला एसडी कार्डाची खाचच नाही. मोठ्या वीला ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी कार्ड चालते, ते फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले हवे. स्वस्तातले बनावट कार्ड स्वतःची क्षमता खोटी सांगते आणि अर्धे भरल्यावर फाइली गिळू लागते, तेव्हा कार्ड ओळखीच्या दुकानातून घ्यावे. होमब्रू चॅनल बसत असताना यंत्र आपल्या अंतर्गत स्मृतीत लिहीत असते. त्या वेळी वीज जाणे परवडत नाही. इन्व्हर्टरच्या बोर्डावर यंत्र लावावे, नसेल तर ज्या तासाला गावात वीज हमखास टिकते तो तास धरावा.

राखीव प्रत ‘बूटमी’ या प्रोग्रामने घ्यायची. ती यंत्राच्या ५१२ एमबी स्मृतीची हुबेहूब नक्कल असते, घ्यायला बराच वेळ लागतो, आणि पडद्यावर चौकोनांचा एक नकाशा भरत जाताना दिसतो. त्यात दोन-चार चौकोन वेगळ्या रंगाचे निघाले तर घाबरायचे कारण नाही. ते कारखान्यातूनच सदोष आलेले भाग असतात आणि यंत्राला ते माहीत असतात. बूटमीत वीचा हातातला रिमोट चालत नाही, आणि इथे पुष्कळ जण यंत्र बिघडले असे समजून प्लग ओढतात. यंत्राच्या तोंडावरचे पॉवर बटण दाबले की निवड पुढे सरकते, रिसेट दाबले की ती पक्की होते. प्रत पूर्ण झाली की कार्ड संगणकात घालून ती फाइल तिथे उतरवावी आणि कार्डावर जागा मोकळी करावी. पहिला ट्रॅक त्यानंतरच कार्डावर टाकायचा.